तिरका काप

सकाळी सकाळी पोत्याच्या दोरीवरून सासू-सुनेची जुंपली. जुंपली म्हणजे थोरली बोलत राहिली आणि सून कामं उरकत राहिली, एवढंच. शेळ्यांच्या पेंडीचं पोतं थोरलीने आदल्या संध्याकाळी आपल्या हाताने बांधून ठेवलं होतं. सुनेने विळा घेतला, दोरी कापली, पेंड काढली आणि पोत्याचं तोंड नुसतं मुडपून ती बाजूला झाली.

"गाठ सोडायची असते बाई, कापायची नसते," थोरली म्हणाली. "दोरी काय आभाळातून पडते?"

"तुमची गाठ कुणाला सुटते, आई? दात लावले तरी सुटत नाही."

"मला सुटते."

"मग पेंडीसाठी रोज तुम्हाला झोपेतून उठवू का?"

दारातल्या खाटेवर थोरलीचा नवरा बसला होता. उन्हाळा वेळेआधीच येऊन बसला होता, तरी त्याच्या अंगात स्वेटर होता. गुडघे गेल्यापासून त्याला बाराही महिने थंडी वाजायची. "ती दोरी इकडे टाका," तो म्हणाला. "मी जोडून ठेवतो. घरात मला तेवढीच नोकरी उरलीय."

सून हसली नाही. तिने कपातला चहा तसाच शेळीच्या भांड्यात ओतला, "उशीर होतोय," म्हणाली आणि डबा उचलून निघालीसुद्धा. रोपवाटिकेत तिला मुकादम केल्यापासून ती पुढे जायची आणि थोरली मागून. आधी दोघी बरोबर जायच्या. वाटेत शेजारणींच्या चुगल्या व्हायच्या, थोरलीचा मुलगा ट्रकवर गेला की कुठल्या गावी असेल त्याचे अंदाज व्हायचे. आता सून झपाझप चालायची आणि थोरलीला तिची पाठ दिसायची.

तिला थोरली म्हणत कारण सासरी ती थोरली सून होती. धाकट्या दोघी वेगळ्या झाल्या, दूर गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. रोपवाटिकेतही ती थोरलीच. सून मुकादम झाली त्या दिवशी सगळ्या बायांसमोर तिने सांगून टाकलं होतं, "इथे कुणी माझी आई नाही, कुणी बहीण नाही. इथे सगळ्या मावश्या." तेव्हापासून कामावर ती सासूला 'थोरल्या मावशी' म्हणायची. बाया तोंडावर रुमाल धरून हसल्या होत्या. थोरलीही हसली होती, पण ते तिच्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं.

रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम होतं. खाली रानवांग्याचं चिवट खोड आणि वर टोमॅटोचा शेंडा. दोन्ही कोवळी, काडीएवढी. ब्लेडने खोडाला तिरका काप द्यायचा, शेंड्याला तसाच तिरका काप द्यायचा, काप कापावर बसवायचा आणि इवलासा चिमटा लावायचा. मधे केसभर फट राहिली तरी कलम गेलंच. बाया लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसायच्या आणि दिवसभर माना वर करायच्या नाहीत. थोरलीचा हात त्यात नावाजलेला होता. तिच्या जागेवरून, टेबलाच्या शेवटच्या टोकावरून, ट्रे पुढे जायचा तो कुणी तपासत नसे.

बांधलेली कलमं एका वेगळ्या खोलीत जायची. जाड काळ्या कापडाची बुटकी, लांबट खोली. आत उजेड नाही, वारा नाही, नुसता पाण्याचा बारीक फवारा आणि उबट दमटपणा. बाया तिला बाळंतिणीची खोली म्हणायच्या. जखम भरून येईतो कलमाला वारा लागू द्यायचा नाही. म्हणून त्या खोलीचं पुढचं दार लगेच लोटायचं, आणि मागच्या बाजूला कापडाचा जो पडदा होता, तो तर खोली धुवायच्या दिवशीच उघडायचा. एरवी तो दोरीने आवळून बांधलेला असायचा.

यंदा सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. शेतकऱ्यांनी रानं तयार करून ठेवली होती आणि रोपं मिळत नव्हती. रोज कुणी ना कुणी फाटकात येऊन उभं राहायचं. मॅनेजर त्यांना हात जोडायचा आणि आत येऊन बायांवर खेकसायचा. मुकादमाच्या जागी त्याला आपला टेम्पोवाला बसवायचा होता. मालकीणबाईंनी थोरलीच्या सुनेला बसवलं. तेव्हा तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "बसवा. पण बायकांचं काय सांगावं? आज मुकादम, उद्या पाळणा हलला की जागा रिकामी." सुनेने मान खाली घातली नव्हती. थोरलीला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला होता. ते तिने अजून बोलून दाखवलं नव्हतं.

त्या दुपारी थोरली ट्रे ठेवायला बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि ती आग उठली.

आग हल्ली रोजच उठायची. पोटातून वाफ निघायची, छातीवर यायची, मानेवर चढायची आणि कानांच्या पाळ्या तापायच्या. घामाने पाठ भिजायची, हात लटलटायचे, काळजात उगाचच धडधड व्हायची. घटकाभराने सगळं ओसरायचं आणि अंगावर शहारे यायचे. तिच्या वयाच्या बायांना ते ठाऊक होतं. पाण्याच्या माठापाशी त्या एकमेकींना हळूच विचारायच्या, "तुझं बंद झालं का गं?" बस, इतकंच. त्यापुढे कुणी बोलत नसे. थोरली विचारणाऱ्याला ऊन लागलं म्हणून सांगायची. घरी नवरा पांघरूण ओढायचा आणि ती लाथाडायची. एका खोलीत दोन ऋतू नांदत होते.

पण खोलीत आग उठण्याची ही पहिलीच वेळ. तिथे श्वास घ्यायलाच जड. थोरलीला वाटलं, आता आपण इथेच पडणार. ती चाचपडत मागच्या टोकाला गेली. पडद्याच्या दोरीची गाठ तिच्याच हातची होती. तिने ती सोडली आणि मान बाहेर काढली. बाहेरचा वाराही तापलेलाच होता, पण वारा होता. डोळे मिटून तिने तो तोंडावर घेतला. बाहेर, मागच्या भिंतीच्या सावलीत, बाया जिला बाळाची आई म्हणत ती पोरगी उकिडवी बसून लेकराला पाजत होती. नवी होती, विशीचीसुद्धा नसेल. बाळ तिची धाकटी बहीण कुंपणापाशी घेऊन यायची आणि ही चोरून पाजून यायची. दोघींची नजरानजर झाली. दोघींनीही काहीच पाहिलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात पुढून सुनेची हाक आली, "थोरल्या मावशी! ट्रे खोळंबलेत!" थोरली लगबगीने फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं तर मागच्या बाजूचे सगळे ट्रे माना टाकून पडलेले. शेंडे सुकून काळपट झालेले, काप उकललेले. मागचा पडदा वाऱ्यावर फडफडत होता. सून सगळ्यांच्या आधी धावत तिकडे गेली. तिने दोरी ओढून काढली, मेलेल्या रोपांच्या ट्रेमध्ये टाकली आणि पडदा मुठीत घट्ट धरून ठेवला. मॅनेजरने तार आणून तो बांधला. मग तो टेबलापाशी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी शांतपणे बोलला.

"पडदा आपोआप उघडत नाही. संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे. मुकादमबाई, तुम्ही द्या. नाव मिळालं नाही तर चूक तुमची. मालकीणबाईंना मी तसं सांगेन."

थोरलीच्या हातात ब्लेड होतं, शेंडा होता, पण काप काही बसेना. मी दोरी बांधली होती ना? मान आत घेतली ते तिला आठवत होतं. पडदा ओढला तेही आठवत होतं. हात दोरीकडे गेला. आणि मग सुनेची हाक. हाकेच्या आधी गाठ मारली की हाक ऐकून तशीच पळाले? तिथे सगळं कोरं होतं. परवाच चुलीवर दूध ठेवून ती विसरली होती, भांडं जळून कोळसा झालं होतं. त्याआधी डबा घरी राहिला होता. "बाईसाहेब, डोकं तरी घेऊन जाताय ना कामावर?" नवरा म्हणाला होता, आणि त्या वेळी सगळे हसले होते.

"एवढा घाम का आलाय?" शेजारची बडबडी म्हणाली. तिचं तोंड दिवसभर चालायचं, म्हणून ते नाव.

"ऊन."

"सावलीत ऊन?" बडबडी तिच्याकडे बघत राहिली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी जाऊ तर विहिरीपाशी जाऊन डोक्यावर घागर ओतायची. असतं गं. कुणाला सांगायचं?"

दुपारच्या डब्यापर्यंत कुजबुज एका दिशेने वळली होती. मागच्या भिंतीकडे कोण जातं? बाळाची आई. रोज जाते. कामाच्या वेळात जाते. ट्रेवाल्या गड्याने तिला पाहिलंय. जवळच्या वाटेने, खोलीतूनच गेली असणार. बाळाची आई टेबलाच्या पलीकडे बसली होती. तिने डबा उघडलाच नाही. तिने एकदा थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान खाली घालून घास तोंडात कोंबला.

संध्याकाळी सून मॅनेजरच्या खोलीत गेली आणि बाहेर आली. बाळाच्या आईला आत बोलावलं. ती बाहेर आली ती रडत नव्हती. तिने आपला रुमाल घडी करून पिशवीत टाकला, टेबलावरचं ब्लेड पुसून जागेवर ठेवलं आणि गेली.

घरी सुनेने ताटात वाढून घेतलं आणि दोन घास खाऊन हात धुतला. थोरलीने विचारलं, "तूच नाव दिलंस?"

"कुणाचं तरी द्यायचंच होतं."

"तिनेच केलं कशावरून?"

सून भांड्यांकडे बघत होती. "नसेल केलं तर कुणी केलं, आई? तुम्हाला माहीत आहे का?"

सुनेला ठाऊक आहे, थोरलीला वाटलं. माझी गाठ मलाच सुटते हे तिला माहीत आहे. माझ्यासाठी तिने त्या पोरीचा बळी दिला. ती अंथरुणावर जाऊन पडली. नवरा म्हणाला, "उद्या लवकर उठायचंय का?" ती म्हणाली, "रोजच उठते." पडल्या पडल्या ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा त्या दोरीला गाठ मारत राहिली. पण मनात मारलेली गाठ खरीच मारली होती की नाही, हे काही केल्या कळेना.

दुसऱ्या दिवशी ती फाटकातून आत शिरत होती तेव्हा बाळाची आई बाहेर उभी होती. कडेवर लेकरू. फाटकात तात्या खुर्चीवर बसला होता. तात्या पूर्वी पाणी सोडायचा. नळ बंद करायला विसरायचा, टाकी वाहायची, वाफ्यांत चिखल व्हायचा. कानानेही अधू झाला, तेव्हा मालकीणबाईंनी त्याला राखणीला बसवलं. मागून टेम्पो आला तरी त्याला पत्ता लागत नसे.

"तात्या, मॅनेजरना एकदा सांगा ना," बाळाची आई म्हणत होती.

"काय? कोण आलंय?"

"मला एकदा भेटायचंय."

"मॅनेजर आत आहेत," तात्या म्हणाला आणि फाटक लावून घेतलं. त्याला काही कळलंच नव्हतं, पण काम त्याने चोख केलं.

बाळाची आई फाटकाच्या गजांमधून थोरलीकडे बघत राहिली. एक शब्द बोलली असती तर थोरली तिच्यावर चिडू शकली असती. तिथे उभी असतानाच पुन्हा ती आग उठली, आणि या वेळी थोरलीने ती अडवायचा प्रयत्नच केला नाही. घामाने निथळत ती सरळ टेबलांच्या मधून मॅनेजरकडे चालत गेली. तो ट्रेवाल्या गड्यांना काहीतरी समजावत होता. सून त्याच्या शेजारी उभी होती.

"साहेब, पडदा मी उघडला."

सगळ्या ब्लेडांचा आवाज बंद झाला.

"त्या पोरीने नाही. मी. बांधायचा विसरले असेन."

"असेन म्हणजे? मावशी, तुम्ही इतकी वर्षं इथे. पडदा कशाला उघडला?"

थोरलीने गड्यांकडे पाहिलं. ते तिच्या मुलाच्या वयाचे होते. त्यांतल्या एकाला तिने लहानपणी आंघोळ घातली होती. "मला उकडत होतं," ती म्हणाली.

"उकडतं सगळ्यांनाच."

"तसं नाही. पाळी जायच्या वेळी होतं तसं. अंग पेटतं. तिथे जीव गुदमरला. पडले असते."

कुणीतरी खाकरलं. एक गडी तोंड फिरवून हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मॅनेजरचा चेहरा लाल झाला, जणू थोरलीने त्याच्याच अंगावर काही सांडलं. "अहो, हे असलं बायामाणसांत बोला. मला कशाला सांगता?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"बरं. वय झालं की होतं असं. विसरायला होतं. आता या नाजूक कामात तुम्हाला ठेवता येणार नाही. उद्यापासून बाहेर माती भरा, झाडलोट बघा."

"तात्या नळ विसरले तर त्यांना खुर्ची मिळाली," टेबलावरून बडबडी म्हणाली. बायांमध्ये हशा पिकला.

"तात्या पुरुष माणूस आहे. राखणीला उपयोगी पडतो," मॅनेजर म्हणाला, आणि त्याच वेळी फाटकात मागून आलेल्या टेम्पोने जोरजोरात भोंगा वाजवला तरी तात्या जागचा हलला नाही. पुन्हा हशा झाला. मॅनेजर खवळला. "मुकादमबाई, तुम्ही सांगा त्यांना. तुमची सासू म्हणून सूट नाही. सांगा, सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

थोरलीने सुनेकडे पाहिलं. तिला वाटलं, पोरगी आता काहीतरी बोलेल. निदान 'आई' म्हणेल. सुनेचे ओठ पांढरे पडले होते.

"थोरल्या मावशी," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर मातीवर जा. उद्या नको, आत्तापासूनच."

थोरलीने चिमट्यांचा डबा टेबलावर ठेवला. आपली उशी, बसायला घरून आणलेली, काखेत मारली आणि ती बाहेर गेली. तासाभराने बाळाची आई आत आली आणि तिला थोरलीच्याच जागेवर बसवलं. तिची आधीची जागा सकाळीच दुसरीला दिली होती.

मातीचा ढीग मागच्या अंगणात होता. माती, शेणखत आणि नारळाचा भुसा कालवून ट्रेच्या खळग्यांत भरायचा. ओणवं राहून पाठ धरायची, नखांत माती जायची. गडी येता-जाता बघायचे. "मावशी, इथे तरी गार वाटतं का?" एकाने विचारलं आणि बाकीचे हसले. त्याने चेष्टाच केली होती, पण खरंच तिथे गार वाटत होतं. शेवरीच्या झाडाखाली मोकळा वारा होता. दुपारी आग उठली, थोरली मातीत बसून राहिली, वारा आला, आग गेली. कुणाला कळलंसुद्धा नाही. तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. हात मात्र राहून राहून ब्लेड धरल्यासारखे चिमटीत जुळायचे.

दुसऱ्या दिवशी बाळाची आई पाजून झाल्यावर लेकरू बहिणीकडे द्यायला जाताना ढिगापाशी थांबली. आता ती उघड जायची, मालकीणबाईंनी परवानगी दिली होती.

"मावशी, तुम्ही कशाला बोललात?"

"मग काय, तुला उपाशी मारू?"

"तसं नाही. त्या दिवशी तुम्ही मान आत घेतलीत ना, तेव्हा मी तिथेच होते. पडदा आतून आवळला तेव्हा कापड ताणलेलं मी पाहिलं. तुम्ही बांधला होतात."

"तू नीट पाहिलंस?"

"मला कुणाला अडकवायचं नव्हतं म्हणून मी कुणाचंच नाव घेतलं नाही. पण पाहिलंय मी." कडेवरच्या लेकराने तिचे केस ओढले. ती केस सोडवत निघून गेली.

थोरलीला वाटलं, पोर आहे, उपकार फेडायला गोड बोलत असेल. तिने फावडं उचललं आणि कोपऱ्यात ट्रेसकट टाकलेली मेलेली रोपं मातीत कालवायला घेतली. ट्रे उलटा करून आपटला. सुकलेली कलमं पडली, त्यांचे चिमटे पडले, आणि त्यांच्यात गुंतलेली दोरी पडली.

तिने दोरी उचलली आणि माती झटकली. गाठ तशीच होती. तिची गाठ, दोनदा पीळ देऊन आत ओढलेली, आवळलेली, कुणाला न सुटणारी. गाठीपासून बोटभर अंतरावर दोरी कापलेली होती. तुटलेली नव्हती, कापलेली. ब्लेडने, एका फटक्यात, खोडाला देतात तसा तिरका काप.

म्हणजे बांधली होती. तिने दोरी छातीशी धरली. डोकं ठिकाणावर होतं, हात ठिकाणावर होते, काही विसरलं नव्हतं. क्षणभर तिला इतका आनंद झाला की धावत जाऊन मॅनेजरच्या टेबलावर ती दोरी आपटावी. सगळ्यांना दाखवावी. गड्यांना, बायांना, तात्याला. बघा, बघा म्हणावं.

मग तिला पेंडीचं पोतं आठवलं.

सकाळचा न प्यायलेला चहा आठवला. त्या सकाळचा, आणि त्याआधीच्या कितीतरी सकाळचा. दोन घासांवर उठलेलं ताट. पडद्याकडे सगळ्यांच्या आधी धावत गेलेली, दोरी ओढून टाकणारी सून. आणि मॅनेजरचं ते पाळण्याचं बोलणं. थोरलीला काही कुणी समजावून सांगायला नको होतं. तिनेही मुलगा पोटात असताना भाताच्या वाफेने घराबाहेर पळ काढला होता. त्या खोलीतला उबट वास, पोटातून उसळून आलेलं, पुढे सगळ्या बाया, मागे पडदा. गाठ सुटेना, हातात ब्लेड. बाहेर जाऊन ओकली असेल. परत आली तेव्हा कापलेली दोरी बांधायला पुरली नसेल. दुसरी आणते म्हणून गेली असेल आणि कुणीतरी हाक मारली असेल.

आणि मग तिने त्या लेकुरवाळीचं नाव दिलं. आणि मी पुढे झाले तेव्हा मला मातीवर पाठवलं, ओठ पांढरे करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझी गाठ तिने पाहिली होती. मी बांधली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

थोरलीला राग आला. असा राग तिला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. तिने दोरी कमरेला खोचली आणि फावडं अशा जोराने चालवलं की गडीसुद्धा बघत राहिले. संध्याकाळ होईतो ती मनाशी बोलत होती. नवऱ्यासमोर बोलेन. मुलगा आला की त्याच्यासमोर बोलेन. दोरी ताटात ठेवेन, म्हणेन, खा. नाहीतर उद्या मॅनेजरसमोर. मग जाऊ दे मुकादमकी, हलू दे पाळणा. पण मॅनेजर काय म्हणेल तेही तिला ऐकू येत होतं. 'बघा, मी आधीच सांगितलं होतं.' आणि मग टेम्पोवाला येऊन सगळ्या बायांच्या डोक्यावर बसेल.

घरी आली तेव्हा सून चुलीपाशी होती. नवरा खाटेवर बसून जुन्या दोऱ्यांचे तुकडे जोडत होता. थोरलीने हातपाय धुतले आणि कमरेची दोरी काढून त्याच्यापुढे टाकली.

"ही पण जोडा."

"तुझीच गाठ दिसतेय," तो म्हणाला. "कापली कुणी?"

चुलीपाशी पळी भांड्यावर थांबली.

"असंच. घाईत कुणीतरी," थोरली म्हणाली.

सून उठली. तोंडावर हात ठेवून ती परसात गेली. बाहेर तिचं ओकणं ऐकू आलं. नवऱ्याने मान वर केली, "काय झालं पोरीला?" थोरलीने तांब्या भरून घेतला आणि ती बाहेर गेली. सून भिंतीला धरून वाकली होती. थोरलीने एका हाताने तिचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने पाणी दिलं. सुनेने चूळ भरली. ती वर बघेना.

"किती महिने?"

"तिसरा लागलाय." तिचा आवाज फुटत होता. "कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी काढलं असतं मला. मी दोरी आणायला गेले होते, आई. खरंच गेले होते. मग मॅनेजरने बोलावलं. आणि नंतर, नंतर तुम्ही पुढे झालात आणि मला…"

"मला वाटलं, माझंच डोकं गेलं," थोरली म्हणाली. "दोन रात्री मी ती गाठ मारत होते."

सून रडायला लागली. थोरलीने तिला जवळ घेतलं नाही. एवढ्या लवकर तिला ते जमणारही नव्हतं. पण कपाळावरचा हातही तिने काढला नाही. आतून नवरा हाका मारत होता, भात करपत होता.

"उद्या त्या खोलीत जाऊ नकोस," थोरली म्हणाली. "पोटात ढवळलं की मागच्या अंगणात ये, माती बघायचं निमित्त कर. मी तिथेच असते आता. तिथे वारा असतो."